फाटकावरच्या वहीतल्या आत्या

हुडकेश्वर, नागपूर
६ जुलै २०२५

प्रिय मेघा,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुमच्या वर्ध्याले नव्वद रात्री आणि आमच्या इथं पंचेचाळीस, हा कोणता न्याय वं? नागपूर मोठं का वर्धा मोठं? मोठे दवाखाने इथं, विमान इथं, दीक्षाभूमी इथं, आणि पाहुणा ठेवाची सवलत तुमच्या कॉलनीले! काल आमच्या साठ घरांच्या ले-आउटच्या समितीची सभा झाली. सेक्रेटरी रुपराव उभे राहिले आणि कागद वाचला. ज्याच्या घरी रोजच्या भाड्यानं माणूस झोपते, त्याले सालभरात पंचेचाळीसच रात्री. एक जरी वर गेली तर त्या घरची भाड्याची खोली एक साल बंद. मी उठून म्हटलं का माझी बहीण वर्ध्याले राहते, तिच्या समितीनं नव्वद देल्या. तर म्हणे, मंग वर्ध्याले जाऊन राहा. सगळे हासले. मी नाही हासली.

फोन न करता लिहून राहिली, कारण फोनवर तू मले मधातच कापते आणि मंग मी ठेवून देते. कागद तुले कापता येत नाही. चौथीपर्यंतच शिकली आहे, चुका काढत बसू नको.

तुले तर माहीत आहे, तुझे भाऊजी गेले त्याले तीन वर्षं झाली, आणि पोरगा प्रशिक पुण्याले. वरची खोली त्यानंच मोबाइलवर टाकली. मले वाटलं होतं, कोण येईन इथं हुडकेश्वरले? पण येतात. सगळे दवाखान्याचे लोक. बालाघाटचे, छिंदवाड्याचे, गोंदियाचे. कोणाचा नवरा भरती, कोणाच्या बाईले दर एकवीस दिवसांनी सलाईन. पाच-सहा दिवस राहतात. संध्याकाळी खाली माझ्याजवळ बसतात, चहा पितात, एखादी रडून घेते. घरात माणसाचा आवाज राहते. तो आवाज पंचेचाळीस रात्रींत मोजून द्यायचा म्हणजे काय?

कागदाचा फोटो शेजारच्या पोरीकडून तुझ्या मोबाइलवर टाकला आहे. तुमच्या कॉलनीचा नियम पूर्ण लिहून पाठव, एक अक्षर सोडू नको. मी तो रुपरावच्या नाकासमोर धरते.

जावईबापूले जयभीम सांग. मी खेकसली तरी जीव लावत राहा, दुसरं कोण आहे मले.
तुझी ताई,
प्रेमिला


वर्धा
१५ जुलै २०२५

ती. ताईस,
मेघाचा सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र वाचताना हे म्हणाले, कागद जरा दूर धर, ताईचा आवाज मोठा आहे. कागदावरही तू ओरडतेसच.

आता नियमाचं. पहिली गोष्ट, हा सरकारचा कायदा नाही. तुमच्या समितीनं तुमच्यापुरता केला, आमच्या समितीनं आमच्यापुरता. त्यामुळे वर्ध्याचा कागद रुपरावांच्या नाकासमोर धरून काही होणार नाही, ते पुन्हा तुला वर्ध्याला पाठवतील. दुसरी गोष्ट, आमच्या नव्वदांवर जळू नकोस. आमच्याकडे मालकानं त्याच घरात राहिलं पाहिजे आणि पाहुणा संध्याकाळी सातच्या आत आला पाहिजे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे इथं घरात झोपणारं प्रत्येक माणूस मोजतात, मग ते नात्यातलं असो की भाड्याचं. माझ्या नणंदेचं बाळंतपण इथं झालं. सव्वा महिना होती. बाळ गोड आहे, पण चाळीस रात्री घेऊन गेलं; उरलेल्या बाकीच्या नातेवाइकांनी संपवल्या. सेवाग्राम बघायला येणाऱ्यांसाठी मी पुढची खोली ठेवली आहे ना, ती आता नुसती बंद असते.

तुमच्या कागदाची शेवटची ओळ तू वाचलेली दिसत नाहीस. नातेवाइकांच्या रात्री मोजल्या जाणार नाहीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. ताई, ही ओळ आमच्या नव्वदांपेक्षा मोठी आहे गं. आत्या माझ्याकडे आली तर तिची रात्र कापली जाते. तुझ्याकडे ती महिनाभर राहिली तरी कोणी बोट दाखवणार नाही. आई गेल्यावर ज्या बाईनं आपल्या दोघींना वाढवलं, तिच्यासाठी तरी तुमचा नियम चांगला आहे. रुपरावांना एकदा चहा पाज.

आत्याचा फोन आला होता. दरवर्षीसारखी यंदाही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला कुहीहून येणार, तुझ्या वरच्या खोलीत राहणार. पंचाहत्तरी गाठली तरी तिला दीक्षाभूमी चुकवायची नाही.

गुडघ्याला तेल लाव. रागवायचं असेल तर रागव, पण लिहीत राहा.
तुझीच,
मेघा


हुडकेश्वर, नागपूर
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय मेघा,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तू हुशार आहेस, पण आपली हुशारी कुठं लावाची ते तुले समजत नाही. मले समजलं.

फाटकावर चौकीदाराजवळ आता एक वही ठेवली आहे. येणाऱ्याचं नाव, गाव आणि नातं. जुलैच्या शेवटी बालाघाटची एक बाई आली. केस गेलेले, डोक्यावर रुमाल, संगं सून. जानेवारीपासून मोजलं तर पंचेचाळीसमधल्या माझ्या पाचच रात्री उरल्या होत्या. चौकीदारानं विचारलं, कोण लागते? मी म्हटलं, आत्या. तोंडातून निघून गेलं, काही ठरवलं नव्हतं. त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि खरंच आत्यासारखी हासली. चौकीदारानं लिहून घेतलं. झालं! एक रात्र नाही कापली गेली.

तवापासून वहीत माझ्या चार आत्या, दोन मामा आणि एक मावसभाऊ झाले. आत्या जास्त झाल्या, कारण म्हाताऱ्या बाया पाहिल्या का मले तोच शब्द सुचते. रुपरावचा कागद आपल्या जागी, मी आपल्या जागी, दोघंही खूश.

आता तू तोंड वाकडं करशील, म्हणून आधीच सांगते. मी काही चोरी नाही केली. त्या बाया मले ताई म्हणतात, मी त्यांले वरण-भात करून घालते, त्यांच्या रिपोर्टाचे कागद छातीशी धरून आटोत बसते. याले नातं नाही तर काय म्हणतात? आपल्या सख्ख्या चुलत्यानं कधी आपल्या दारात पाय ठेवला का?

आत्या तीस सप्टेंबरले येणार म्हणते. वरच्या खोलीत आतापासून पाच ऑक्टोबरपर्यंत देवासचे लोक आहेत, वहीतला मावसभाऊ त्यांच्यातलाच, बाईचं ऑपरेशन आहे, त्यांले हटवता येत नाही. आत्या खाली माझ्याजवळ झोपन. तिले काय, ती कुठंही झोपते.

तू पण तुझी खोली उघडाचं काही शोध. नुसती बंद ठेवून काय होते? राग मानू नको, मायेनंच बोलते.
तुझी ताई,
प्रेमिला


वर्धा
२ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

ताई, हे बरं केलं नाहीस. ती ओळ मी तुला आत्यासाठी दाखवली होती, बालाघाटसाठी नाही.

तू त्या बायांना जेवू घालतेस, दवाखान्यात नेतेस, हे तुझ्यासारखं तूच करू जाणे. पण मग वहीत तसंच लिही ना, पाहुणे म्हणून. पंचेचाळीस संपल्या तर संपू देत, समितीकडे आणखी माग. तुझ्या तोंडाला काय कमी आहे? भांडून घे, पण खरं लिहून भांड. आपल्या बाबांना बहीण एकच, हे ले-आउटमधल्या कोणालाही सहज विचारता येईल.

आणि आत्याच्या दिवसांत तिची खोली दुसऱ्यांना कशी दिलीस? ती खाली झोपेल आणि एक शब्द बोलणार नाही. बोलणार नाही म्हणूनच मी बोलते आहे.

पत्र कडू झालं असेल तर माफ कर. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.
तुझीच,
मेघा


हुडकेश्वर, नागपूर
१२ ऑक्टोबर २०२५

मेघा,
जयभीम.

तुझं मागचं पत्र मी रागानं डब्याखाली दाबून ठेवलं होतं. उत्तर नाही देलं. आता दहादा वाचलं. तू एकदा फोनवर विचारलं, आत्या पोचली का, आणि मी हो म्हणून ठेवून देला. ते पण खोटं होतं. आता सगळं सांगते, मधात कापू नको.

तीस तारखेले दुपारी दोन वाजता चौकीदाराची बेल वाजली का तुमची आत्या आली. मी हात पुसतच धावली. आत्या फाटकात उभी. पांढरी साडी, डोक्यावर गाठोडं, त्यात माझ्यासाठी तांदूळ. तिनं अष्टशील घेतलं होतं, दुपारनंतरचं जेवण सोडलेलं. आणि बाजूले रुपराव, हातात वही. ते वही तपासालेच आले होते. तोंड वाकडं न करता, एकदम सरळ आवाजात म्हणाले का प्रेमिलाबाई, जुलैपासून ही पाचवी आत्या आहे. मले काही तुमच्याशी दुश्मनी नाही, पण लोक विचारून राहिले. मंग ते आत्याकडे वळले. आजी, तुम्ही उपासाच्या दिसता, तुम्ही खोटं बोलणार नाही, तुम्हीच सांगा, तुम्ही किती बहिणी?

मेघा, तिनं एकटी म्हटलं असतं का मी गेली. बाकीच्या चार तिथंच उघड्या पडल्या असत्या. खोली बंद, देवासचे लोक ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर.

आत्यानं वहीकडे पाहिलं. मंग माझ्याकडे पाहिलं. मी काहीच सांगितलं नव्हतं तिले, तरी तिले समजलं. लहानपणी आपण काही फोडलं का आपल्या तोंडावरून समजे, तसं. ती रुपरावले म्हणाली का बाबू, मी या बाईची कोणी नाही लागत. कुहीकडची आहे, दीक्षाभूमीले चालली. गावातल्या लोकांनी सांगितलं इथं खोली भेटते, म्हणून विचाराले आली. चौकीदाराले आत्या म्हणून मीच सांगितलं, आत सोडन म्हणून.

आणि मी उभी. रुपरावनं मले विचारलं, खोली रिकामी आहे का? मी मान हालवली. नाही म्हणून हालवली. त्यांनी वहीत लिहिलं, नातं नाही, जागा नाही. आत्यानं गाठोडं परत डोक्यावर घेतलं, रुपरावले जयभीम केला, मले पण केला, अनोळखी माणसाले करतात तसा, आणि निघाली.

रुपराव आत गेले आणि मी आत्याच्या मागं धावली. चौकापर्यंत गेली. गुडघ्यानं साथ नाही देली. आटो निघून गेला होता.

दोन तारखेले दीक्षाभूमीवर गेली. किती लोक ते तुले सांगाले नको. दर पांढऱ्या साडीवाल्या म्हातारीच्या समोर जाऊन तोंड पाहत होती. बाया विचारत, कोण हरवलं वं बाई? मी काय सांगू? आत्या म्हटलं तर कोणती आत्या? कुहीचे लोक भेटले, ते म्हणाले का ती त्यांच्या संगं मांडवात झोपली, मजेत आहे, पहाटेच वंदना करून गाडीत बसली. माझ्याबद्दल तिनं कोणाले काही सांगितलं नाही.

फोन करते, उचलत नाही. शेजारीण उचलते आणि म्हणते, शेतात गेली. तू जा. कुहीले जाऊन पाहून ये. मले जायची हिंमत नाही, हे मी पहिल्यांदाच कागदावर लिहून राहिली.

प्रेमिला


वर्धा
३ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

मी कुहीला दोन दिवस राहून आले. आत्याची तब्येत चांगली आहे. धान कापणीला आलं आहे, ती बांधावर बसून सगळ्यांना कामाला लावते. मला बघून पहिला प्रश्न तुझ्याबद्दल, गुडघा कसा आहे म्हणाली. रागाचा एक शब्द नाही. मी मुद्दाम विषय काढला तर म्हणाली, पोरीच्या घरात दुखणाईत माणसं होती, त्यांना कसं बाहेर काढायचं?

मला वाटलं, झालं, मिटलं. पण संध्याकाळी तिच्यासोबत वंदनेला बसले. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. पहिलं म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. मग तिचे ओठ मिटले. मी एकटीच म्हणत राहिले, खोटं बोलणार नाही हे चौथं, आणि माझाच आवाज मला ऐकू आला. पाचव्याला ती पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या दिवशीही तसंच. ताई, आपल्याला ती पाच शीलं तिनंच शिकवली आहेत, मांडीवर थोपटत.

मी विचारलं. म्हणाली, जाणून-बुजून मोडलं, तेही त्या जागी जाताना मोडलं. पुन्हा तशी वेळ आली तर प्रेमिलासाठी पुन्हा मोडीन. मग तोंडानं कशी म्हणू की मोडणार नाही?

पुढच्या वर्षी ताईकडे जाशील ना, असंही विचारलं. म्हणाली, त्या वहीत मी परकी लिहिली गेली. आता आत्या म्हणून गेले तर प्रेमिला खोटी पडते. परकी म्हणून जायचं तर तिथं जायचं कशाला? मी यापुढे मांडवातच झोपेन, तिथं कोणी विचारत नाही.

यात माझाही वाटा आहे. ती शेवटची ओळ मीच तुला दाखवली, आणि वर मोठेपणानं दाखवली. तू काय कर, हे मी सांगणार नाही. दोन रात्री मला झोप आली नाही, एवढंच.

पूर्वीसारखीच माझी राहा.
तुझीच,
मेघा


हुडकेश्वर, नागपूर
१९ नोव्हेंबर २०२५

आत्या,
तुले प्रेमिलाचा पाया पडून जयभीम.

हे पत्र तू स्वतः वाच, दुसऱ्याजवळ देऊ नको. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकली आहेस, माझं अक्षर तुझ्यापेक्षा काही चांगलं नाही, समजून जाशील.

मेघानं मले सगळं लिहिलं. चौथ्याचं पण लिहिलं. ते वाचल्यावर मी रात्री जेवली नाही. मंग सकाळी उठून जेवली, कारण उपाशी राहून तुझं काही परत येत नाही.

तुले वाटत असन का मी भीतीनं चूप राहिली. थोडी भीती होती. पण खरं सांगू का, मले वाटलं होतं, आत्याच आहे, संध्याकाळी समजावून घेऊ. तू कुठं जाणार, तू माझीच आहेस, असं मी धरून चालली. देवासच्या बाईले मी हटवलं नाही कारण ती परकी होती, तिले वाईट वाटलं असतं. तुले वाईट वाटू शकते, हे माझ्या डोक्यातच नाही आलं. तुझी खोली देली तवा पण नाही आलं. एवढ्या वर्षांत तू कधी काही मागितलं नाही, ही चूक तुझी पण आहे.

वरची खोली मी बंद केली. प्रशिकले मोबाइलवरून काढाले लावली. तो ओरडला, मी पण ओरडली. आता दवाखान्याच्या कोणाचा फोन आला तर मी दुसऱ्या जागेचा पत्ता सांगते. संध्याकाळी घर फार चूप राहते. ते मले भोगलं पाहिजे, त्याचं मी रडगाणं गात नाही.

रविवारी तीस तारखेले समितीची सालाची सभा आहे. मी उभी राहून सांगणार आहे का वहीतल्या चार आत्या, दोन मामा आणि एक मावसभाऊ खोटे आहेत. साल दोन साल खोली बंद ठेवा म्हणतील, ठेवू देत. लोक हासतील, हासू देत. त्याचं मले कोणाले विचाराचं नाही. माझं खोटं, माझं तोंड.

पण पाचवीचं कसं करू? ज्या बाईले तुम्ही परकी लिहिलं तीच माझ्या बापाची एकुलती एक बहीण, हे मी सांगितलं का रुपराव वहीचं पान उलटतील आणि सगळ्यांसमोर म्हणतील, मंग ती म्हातारी उपासाच्या दिवशी खोटं बोलली. साठ घरचे लोक ऐकतील. मी त्यांच्याशी कितीही भांडली तरी तेवढं तर खरंच निघन. आणि नाही सांगितलं, तर वहीत तू जलमभर परकीच राहते.

मागं मी तुझं नातं तुले न विचारता चार जणींले वाटून टाकलं. आता तुझ्या नावानं एक अक्षरही तुले न विचारता बोलणार नाही. मले अक्कल यायले बावन्न वर्षं लागली, पण आली.

म्हणून विचारते. सांगू का नको सांगू? सांग म्हटलं तर असं सांगन का फाटकावरच्या चौकीदाराले पण ऐकू जाईन. नको म्हटलं तर बाकीचं सांगून चूप बसन, पण मंग तू या घरी कशी येशील ते मले समजत नाही, तेही तूच लिही. मेघाजवळ निरोप देऊ नको, शेजारणीच्या फोनवर तर नकोच. तुझ्या हातचं पाहिजे.

माझी माया नको ठेवू वाटलं तर नको ठेवू, पण उत्तर ठेव. डाकवाला आमच्या गल्लीत शनिवारी, एकोणतीस तारखेले, दुपारी येते. त्याच्या थैलीत तुझं पत्र पाहिजे.

तुझ्या भावाची पोरगी,
प्रेमिला